पिवळा ठिपका

आमच्या गॅरेजच्या दारात उभं राहून जो कोणी मला म्हणतो, "मिस्त्री, जरा इंजिनाचा आवाज ऐका की," त्याला मी आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतो. मग हातातला पॉलिश पेपर खाली ठेवतो आणि सांगतो, "मी पत्र्याचा माणूस. ठोकतो, पोच्यांत लांबी भरतो, रंग देतो. इंजिनाची डॉक्टरीण आतल्या खोलीत आहे, तिला विचारा." तो आत डोकावतो. आत माझी बायको केस वर बांधून, कोपरापर्यंत काळी होऊन क्रँकवर वाकलेली असते. मग तो पुन्हा माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे हो, पण तुमचं काय मत?"

इथे माझं टाळकं सटकतं. माझं मत असं, की अशा माणसाच्या गाडीला पोपटी रंग द्यावा आणि पैसे परत करू नयेत.

लग्न झालं तेव्हाच आमची वाटणी ठरली होती. पत्रा माझा, इंजिन तिचं. मी इंजिनात नाक खुपसत नाही आणि ती माझ्या रंगाच्या डब्यांना हात लावत नाही. आमच्या दोघांच्या कामाची गाठ एकाच ठिकाणी पडते, ती म्हणजे ठिपक्यावर. इंजिन जोडताना बायको प्रत्येक बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळते. ठरलेला जोर लागला की पाना 'टक' करतो. ती म्हणते, "हं." मग शेजारी उभा असलेला मी बारीक ब्रशने त्या बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका देतो आणि म्हणतो, "लावला." मग पुढचा बोल्ट. रंग शाळेच्या एका बसचा उरलेला आहे, तेलात उकळला तरी सुटत नाही. नियम एकच: ज्यावर ठिपका नाही तो बोल्ट आवळलेला नाही, मग कोणी कितीही शपथा घेवोत.

नव्या लोकांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे. आमची कितीतरी भांडणं ह्या ठिपक्यांवर मिटली आहेत. सकाळी कशावरून तरी जुंपलेली असायची, दोघांची तोंडं दोन दिशांना, पण इंजिन जोडायचं असलं की तिला "हं" म्हणावंच लागायचं आणि मला "लावला" म्हणावंच लागायचं. अर्धं इंजिन होईपर्यंत दोघांच्याही आवाजातला ताठा गेलेला असायचा.

आम्हाला एकच लेक. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलो, ते आजतागायत. तिने माझा रंगही उचलला नाही आणि आईचा पानाही नाही. तिला गाडी पळवायची होती. रस्त्यावर नाही, शर्यतीच्या बंद मैदानावर, जिथे गोल गोल पळून माणसं परत तिथेच येतात आणि त्याला जिंकणं म्हणतात. मी आधी खूप कुरकुर केली. मग एकदा तिला वळण घेताना पाहिलं आणि माझी कुरकुर बंद झाली. बाप असलो तरी डोळे आहेत मला.

शर्यतीच्या गाड्या बाळगणारे एक मालक होते. मालवाहू ट्रकांचा धंदा, आणि हा शौक. त्यांच्याकडे त्या वर्षी एकाच चालकाची जागा रिकामी होती. गाडीचं इंजिन त्यांनी आमच्याकडे बांधायला दिलं होतं आणि चालक निवडायला चाचण्या लावल्या होत्या. खूप पोरं आली. गाळून गाळून शेवटी दोघं उरले: एक कोणीतरी उंच मुलगा आणि आमची भिंगरी. शेवटच्या चाचणीत जो सरस ठरेल त्याला पूर्ण हंगाम गाडी मिळणार होती. भिंगरीचं वय बघता ही संधी हुकली असती तर पुढच्या वर्षी तिला कोणी दारात उभं केलं नसतं. तिलाही हे ठाऊक होतं, आम्हालाही.

आता चाचणीच्या दिवसाचं सांगतो. आम्ही दोघं कुंपणाला टेकून उभे होतो. त्या मैदानावर एक लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला एकदम वळण. पट्टा संपायच्या जरा आधी भिंगरीच्या गाडीचा आवाज बदलायचा. चढत जाणारा सूर एकाएकी छतावर डोकं आपटल्यासारखा अडायचा आणि 'तर्र-तर्र-तर्र' वाजायला लागायचा. दर फेरीला तसंच. मालकांच्या दुसऱ्या गाडीतला उंच मुलगा त्याच जागी गिअर बदलायचा, त्यामुळे त्याचा आवाज खाली उतरायचा. तरी दर फेरीला भिंगरीच पुढे होती. मी बायकोला कोपराने ढोसलं, "बघ!" ती म्हणाली, "गप्प बसा, ऐकू द्या."

आणि मग तिचा चेहरा बदलला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बेअरिंग." त्यानंतर खडखडाट झाला, गाडीच्या मागून धूर आला आणि इंजिन बंद पडलं. भिंगरीने गाडी तशीच लोळवत कडेला घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा मालकांचा मेहुणा आधीच हात कमरेवर ठेवून उभा होता. ह्या गृहस्थांना गाड्यांबद्दल सगळं माहीत असतं. चालवायला मात्र ते नेहमी दुसऱ्याला लावतात.

"मारलं इंजिन!" मेहुणा म्हणाला. "मी मघापासून सांगतोय. दर फेरीला लिमिटरवर ठोकत होती. इंजिन काय दगडाचं असतं?"

भिंगरी हेल्मेट काढत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज सरळ होता. "हो, लिमिटरवर होते. मुद्दाम होते. वळण समोर दिसत असताना वरचा गिअर टाकायचा आणि लगेच पुन्हा उतरवायचा, त्यात वेळ जातो. तेवढा क्षण लिमिटरवर काढला तर गाडी पुढे राहते."

"आणि इंजिन मागे राहतं!" मेहुणा म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

मालक माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "हे बघा, गाडी जपणारा चालक मला हवाय. मुलीने इंजिन मारलं असेल तर जागा त्या मुलाला जाईल. इंजिन उघडून बघू."

"माझ्याकडे उघडा," बायको म्हणाली. "उद्या सकाळी, तुमच्या डोळ्यांसमोर. लिमिटरने इंजिन मरत नाही. माझं तर नाहीच नाही."

घरी आल्यावर मी भात टाकला. भात ढवळता ढवळता माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "अगं, पण पोरीची चूक नसेल तर मग कोणाची?"

ती टेबलाशी नखांतलं काळं काढत बसली होती. "मग माझी."

"तू चुकत नाहीस."

"तुम्ही रंगवलेल्या गाडीत माझा चेहरा दिसतो, म्हणून मी काही देखणी होत नाही," ती म्हणाली. "उद्या कळेल. आधी ते पातेलं बघा, खाली लागतंय."

भात खाली लागलाच. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे कोणाचंच लक्ष ताटात नव्हतं.

सकाळी मालक आले, मेहुणा आला, आणि इंजिन साखळीवर टांगून मधल्या टेबलावर उतरवलं गेलं. भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती नखं खात होती. बायकोने हात धुतले, पुसले आणि मालकांना समोर स्टुलावर बसवलं.

"आधी लिमिटर म्हणजे काय ते सांगते," ती म्हणाली. "इंजिनाला किती जोरात फिरू द्यायचं त्याची हद्द आम्ही ठरवून देतो. काटा तिथे पोचला की गाडीचा कॉम्प्युटर क्षणभर पेट्रोल तोडतो. वेग पडला की पुन्हा सोडतो. पुन्हा तोडतो. तो 'तर्र-तर्र' आवाज त्याचा. म्हणजे तुम्ही पाय कितीही दाबा, इंजिन स्वतःच्या जोरावर त्या हद्दीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. ते वाचवायलाच ठेवलेलं आहे."

"मग इंजिन मरतं कसं?" मालकांनी विचारलं.

"चालकाच्या हातून मरायचं असेल तर दुसऱ्या वाटेने. वेगात असताना चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकं इंजिनाला ओढतात. तिथे कॉम्प्युटर पेट्रोल तोडून काय करणार? चाकं फिरवताहेत ना! मग इंजिन हद्दीच्या खूप पलीकडे जातं, पिस्टन जाऊन व्हॉल्व्हना धडकतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून आधी वरचं हेड उघडू, व्हॉल्व्ह त्यातच असतात. व्हॉल्व्ह वाकलेले निघाले तर माझी मुलगी दोषी. मीच सांगेन."

मी भिंगरीकडे पाहिलं. ती नखं खायची थांबली होती.  हिला काय गरज होती एवढं स्पष्ट बोलायची? पण ही अशीच आहे. हिच्या पान्यालाही आडपडदा नाही आणि जिभेलाही.

हेड निघालं. बायकोने एकेक व्हॉल्व्ह सोडवून, पुसून, काचेच्या तुकड्यावर ठेवला. काच सपाट असते. सरळ व्हॉल्व्ह तिच्यावर मुकाट घरंगळतो, वाकडा असेल तर उड्या मारत जातो. तिने स्वतः एकही घरंगळवला नाही. मालकांनाच बोट लावायला सांगितलं. पहिला गेला सरळ. दुसरा सरळ. मालक लहान मुलासारखे रंगले. शेवटचा व्हॉल्व्ह काचेच्या टोकाला जाऊन थांबला तेव्हा दारातून भिंगरीचा श्वास मला ऐकू आला.

"गिअर चुकला नाही," मालक म्हणाले.

"पण लिमिटर!" मेहुणा स्टुलावरून उठला. "इतक्या जोरात, इतक्या वेळा! उष्णता, ताण! मी वाचलंय."

"आता खालून बघू," बायको म्हणाली.

इंजिन उलटं केलं. खाली तेलाचं चेंबर असतं. चेंबरमधलं तेल एक नळी ओढून वर पाठवते आणि ते सगळ्या बेअरिंगना, म्हणजे इंजिनाचा दांडा ज्या अर्धगोल वाट्यांत फिरतो त्यांना, मिळतं. ती नळी दोन बोल्टांवर बसवलेली असते. बायकोने चेंबर काढलं, आत हात घातला आणि तिचा हात थांबला.

इतकी वर्षं तिच्या शेजारी उभा राहिलोय मी. तिचा हात का थांबतो ते मला कळतं. मी पुढे वाकून पाहिलं. नळीच्या एका बोल्टवर पिवळा ठिपका होता. दुसऱ्यावर नव्हता. नुसतं काळं लोखंड, आणि तिच्या बोटाखाली तो बोल्ट सैल हलत होता.

मला ती दुपार लख्ख आठवली. ह्याच टेबलावर हेच इंजिन होतं. पहिला बोल्ट आवळून झाला होता. "हं." "लावला." पाना दुसऱ्यावर चढवला आणि तेवढ्यात भिंगरी अंगणातून किंचाळत आली, "आई! शेवटच्या दोघांत मी! मी!" बायको पाना टाकून धावली. मी ब्रश घेऊनच धावलो, भिंगरीच्या बाहीला पिवळा रंग लागला आणि त्यावरून तिने मला धपाटा घातला. आम्ही तिघं अंगणात वेड्यासारखे ओरडत होतो. मग परत येऊन आम्ही पुढचं काम हाती घेतलं. माझ्या हातात ब्रश होता, तिच्या हातात पाना होता, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात तो बोल्ट नव्हता. सैल नळीने तेलाबरोबर हवा ओढली, बेअरिंग कोरडं पडलं, आणि इंजिन गेलं.

मालक मागे होते. मेहुणा मोबाईलवर होता. आम्हा दोघांशिवाय कोणाला काही दिसलं नव्हतं. दोन बोटांनी पीळ दिला असता तर बोल्ट बसला असता, मग बेअरिंगवाल्याच्या नावाने खडे फोडायला कितीसा वेळ! मी डोळ्यांनीच तिला तसं सुचवलं. खोटं कशाला बोलू, सुचवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी फरशी किती स्वच्छ आहे ते बघायला लागलो.

"मालक, इकडे या," ती मोठ्याने म्हणाली. "हा बोल्ट बोटाने फिरवा. फिरतोय? ह्यावर आमचा ठिपका नाही. हा मी आवळलाच नाही. तुमचं इंजिन माझ्या मुलीने मारलं नाही आणि लिमिटरनेही मारलं नाही. माझ्या चुकीने गेलं."

 आणि मग मेहुण्याने, देव त्याचं भलं करो, टाळ्या वाजवल्या.

"वा, ताई, वा! आई असावी तर अशी! मुलीची जागा वाचवायला चूक स्वतःच्या डोक्यावर! हात आत घालून आत्ताच सैल केलात ना? ठिपका काय, चिंधीने पुसता येतो."

मालकांचा चेहरा मऊ झाला. तेच जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "ताई, मलाही मुलं आहेत. मी समजू शकतो. तुमच्या भावनांचा आदर आहे, पण..."

"भावना?" बायकोचा आवाज चढला. "भावना गेल्या खड्ड्यात! माझी चूक आहे म्हणते तर माझीच चूक आहे! दुसऱ्या कोणाला मी ती देणार नाही!"

आयुष्यात माणसं चूक झटकताना पुष्कळ पाहिली. मीही त्यात पटाईत आहे. पण स्वतःची चूक सिद्ध करायला एवढी इरेला पेटलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला हसूही येत होतं आणि छाती भरूनही येत होती.

ती तरातरा बाहेर गेली. अंगणात आमची घरची गाडी उभी होती. जुनी आहे, पण रंग माझा आहे, गर्द वांगी, आणि उन्हात उभी राहिली की शेजारी तिच्यात केस विंचरतात. तिचं इंजिन बायकोने बांधलेलं. घरात तेवढी एकच गाडी.

"लिमिटरने इंजिन मरतं ना? मारा हे," ती मेहुण्याला म्हणाली. "बसा आत."

"मी?" मेहुणा म्हणाला.

"तुम्हीच. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाईने हलका पाय दिला."

मी मध्ये पडलो, "अगं, आपली गाडी..."

"तुमचा पत्रा कुठे जात नाहीये," ती म्हणाली.

आधी तिने इंजिन नुसतं सुरू ठेवून चांगलं तापू दिलं. "गार इंजिनाला कधी ओरडायला लावायचं नाही," ती मालकांना समजावत होती, "तेल घट्ट असतं, सगळीकडे पोचत नाही. तो खरा छळ. तुम्ही सकाळी ऑफिसला निघताना करता ना, तो." मालकांनी मान खाली घातली. मग तिने मेहुण्याला सांगितलं, "आता दाबा. पूर्ण. मी हात खाली करेपर्यंत पाय उचलायचा नाही."

मेहुण्याने दाबलं. सूर चढला, चढला आणि छताला जाऊन अडला. तर्र-तर्र-तर्र-तर्र! पत्र्यावरची कबुतरं उडाली. समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. भिंगरीने कानांवर हात ठेवले होते आणि ती हसत होती. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंजिन आत्ता फुटणार आणि आपल्या मांडीवर येणार ह्याची त्याला खात्री होती. बायको मात्र हात वर धरून उभी. भिंगरी पट्ट्याच्या टोकाला जेवढा क्षण काढायची, त्याच्या कितीतरी पट वेळ तिने तो हात खाली केला नाही. मी माझ्या वांगी गाडीला मनातल्या मनात निरोप दिला.

शेवटी हात खाली आला. मेहुणा बाहेर उतरला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

इंजिन निवल्यावर गाडी वर चढवून तिने खालचं चेंबर उघडलं, एका बेअरिंगची अर्धी वाटी काढून मालकांच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या तळहातावर शर्यतीच्या इंजिनाची ठेवली. एक राखाडी, गुळगुळीत. दुसरी जळून काळीनिळी झालेली, ओरखडे पडून आतलं तांबं दिसत असलेली.

"नख फिरवा," ती म्हणाली. "ही ज्या इंजिनाची तेलाची नळी घट्ट होती त्याची. ही ज्याची सैल होती त्याची. लिमिटर दोघांनी खाल्ला." मग जरा थांबून तिने खरं ते पुढेही सांगितलं. "ह्याचा अर्थ रोज असं करा असा नाही. सतत कराल तर सायलेन्सर भाजतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकतात. लिमिटर म्हणजे कुंपण आहे. कधी अंग घासलं तर चालतं, त्यावर बसून जेवायचं नसतं. माझी मुलगी नुसतं अंग घासून जात होती."

मालकांनी दोन्ही वाट्यांवर नख फिरवून बघितलं. मेहुण्याने तोंड उघडलं, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

"गाडी मुलगी चालवेल," मालक म्हणाले. "पण ताई, इंजिन..."

"इंजिन दुसऱ्याकडे द्या," बायको म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. शर्यतीच्या इंजिनात सैल बोल्ट ठेवणाऱ्याला पुन्हा लगेच काम द्यायचं नसतं."

भिंगरी दारातून पुढे आली. "मग मला नकोय. आईचं इंजिन नसेल तर मी नाही चालवणार."

"शहाणपणा करू नकोस!" बायको एवढ्या जोरात ओरडली की कबुतरं पुन्हा उडाली. "सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी माझी चूक सांगितली मी आज. ती फुकट घालवशील तर तंगडं मोडीन."

भिंगरी रडली आणि मग हसली. मी नाक शिंकरायला बाहेर गेलो. माझ्या बायकोच्या हातून चूक झाली होती, गावभर झाली होती, तिचं मोठ्यात मोठं काम हातचं गेलं होतं, आणि मला मात्र इतका अभिमान वाटत होता की समोरच्या दुकानदाराला बोलावून सांगावंसं वाटलं. सांगितलंही. तो म्हणाला, "मिस्त्री, पण तुमचं काय मत, लिमिटरने खरंच काही होत नाही?" त्याला मी आत पाठवलं.

पुढचे दिवस तसे कठीण गेले. सैल बोल्टची गोष्ट पसरायला पाय लागत नाहीत. काही गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली, काही मुद्दाम आली. जी आली ती आता सरळ आतल्या खोलीत जायची. माझं मत विचारायचं लोकांनी सोडलं, आणि मला त्याची जरा चुटपुटही लागली. बायको मात्र बोल्ट आवळून "हं" म्हटल्यावर मी "लावला" म्हणायच्या आत आता स्वतः वाकून ठिपका बघायची. कोणी हाक मारली, तरी हातातला बोल्ट झाल्याशिवाय मान वर करायची नाही.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी गाडीजवळ जायला चालकाच्या घरच्यांना थोडाच वेळ मिळतो. इंजिनाचं झाकण बंद होतं. आत दुसऱ्या कोणाचं तरी काम होतं. बायकोने त्याकडे एकदा पाहिलं, कान जरा तिकडे वळवला, आणि मग नजर काढून घेतली.  भिंगरी हेल्मेट घालून समोर उभी राहिली. बायकोने तिच्या हनुवटीखालचा पट्टा धरला, ओढला, बक्कल पुन्हा एकदा घट्ट केलं, दोन बोटं घालून बघितली.

"हं," ती म्हणाली.

माझ्या खिशात पिवळ्या रंगाची बाटली होती. का आणली होती ते मलाही सांगता आलं नसतं. मी ब्रश काढला आणि त्या बकलावर पिवळा ठिपका दिला. ठिपका काही माझ्या इभ्रतीला साजेसा गोल आला नाही.

"लावला," मी म्हणालो.  हेल्मेटच्या काचेमागे भिंगरीचे डोळे भरलेले दिसले. ती गाडीत बसली.

आम्ही कुंपणाशी गेलो. गाड्या सुटल्या. भिंगरी तिसरी होती, मग दुसरी झाली. सरळ पट्ट्याच्या टोकाला, वळण यायच्या जरा आधी, पुढच्या गाडीने गिअर बदलला आणि तिचा आवाज खाली उतरला. आमच्या गाडीचा सूर मात्र छताला जाऊन अडला. तर्र-तर्र-तर्र! आणि त्या एका क्षणात भिंगरी आत शिरून पुढे निघून गेली.

शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनी 'च्च' केलं. "कोण पोरगी आहे ही? लिमिटरवर ठोकतेय. इंजिन जाणार बघा."

मला वाटलं बायको आता त्याला काचेवर घरंगळवणार. पण ती डोळे मिटून ऐकत होती, आणि तिने माझी बाही घट्ट धरली होती. तेव्हा मग मीच त्या गृहस्थाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतलं.

"इंजिनाचं आम्हाला माहीत नाही, साहेब, ते दुसऱ्याने बांधलंय," मी म्हणालो. "पण चालवणारी आमच्या घरची आहे. तिच्यावरचा ठिपका मी माझ्या हाताने लावलाय."